अर्धा भरलेला हात

"हात ढिल्ला सोड. तुझं हाड मोडायला न्हाय बसले मी हितं."

चाचीचं हे वाक्य धाराशिवच्या बाजारात आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्यांनी ऐकलेलं आहे. समोर बाई बसली, की चाची तिचा पंजा दोन्ही हातांत घ्यायची, कणीक तिंबावी तसा चहूबाजूंनी दाबायची, अंगठा आत मुडपायची आणि हे वाक्य टाकायची. बाई हसायची. हसली की हात सैल पडायचा, आणि तेवढ्यात काचेची बांगडी हाडावरून सरकून मनगटात गेलेली असायची. कशी गेली ते त्या बाईलाही कळायचं नाही. जादूचे प्रयोग मी पुष्कळ पाहिलेत, एकात तर पेटीत बसून कापूनही घेतलंय. पण असा हात पाहिला नाही.

तुम्ही कधी आमच्या बाजारातून गेला असाल तर चाचीला पाहिलंच असेल. माझ्या फोटो स्टुडिओच्या पायरीवर, डोक्यावर पदर, तोंडात सुपारी, समोर टोपली, मागे खिळ्यावर लटकलेल्या बांगड्यांच्या माळा. पायरी माझी. खिळा माझा. बोर्डही माझाच, पण तो माळांमागे झाकलेला. गावात माझी ओळख 'चाचीच्या मागचा फोटोवाला' अशी होती. सुरुवातीला मी हुज्जत घातली. एकदा चांगला आवाज चढवून म्हणालो, "चाची, गिऱ्हाइकाला माझं दुकान दिसत नाही!"

तिनं माझा वर उचललेला हात मनगटाशी धरला, दाबून बघितला आणि म्हणाली, "हात ढिल्ला सोड, बेटा. किती कडक ठेवतोस."

भांडण तिथंच संपलं. हसणाऱ्या माणसाला भांडता येत नाही, ही तिची सगळी विद्या. भाजीवाल्यांची मारामारी असो की तावातावानं बोलणारा एखादा साहेब, चाची त्याचा हात धरायची आणि तेच म्हणायची. मी तिला एकदा एका हवालदाराचा हात असा धरताना पाहिलंय. तोही हसला होता.

माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत. हाताची मापं राहत. "ती मळ्यातली दोन-चार हाय ना, तिच्या पोरीचं जमलं बघ." माझ्या बायकोला ती अख्ख्या बाजारात 'दोन-आठ' म्हणायची. चाचीच्या टोपलीतलं सगळ्यात मोठं माप दोन-आठ. यावरून माझ्या घरात जी शांतता पसरायची, तिचं वर्णन मी करणार नाही.

पोटापाण्याचा धंदा बांगड्यांचा, पण चाचीच्या टोपलीत स्थळंही असत. नळदुर्गपासून तामलवाडीपर्यंत कुठल्याही लग्नाचा चुडा भरायला चाचीच. मणियाराच्या घरची ही बाई पाच वेळा नमाज पढायची. पण कुणाच्या घरचं देवक काय, हे तिला त्या घरच्या कारभाऱ्यापेक्षा पक्कं ठाऊक. तुमच्यापैकी शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो: देवक म्हणजे कुळाची खूण. कुणाचं सूर्यफूल, कुणाचं पंचपल्लव, कुणाचं कळंब. दोन घरांचं देवक एक निघालं, की ती माणसं भाऊबंद. त्यांच्यात सोयरीक होत नाही. मुलगा-मुलगी कितीही शोभोत, विषय बंद.

आणि चाचीचा एक नियम होता. बाईचा हात अर्धा भरून उठायचं नाही. एकदा नळदुर्गच्या स्टँडवर ती एका बाळंतिणीला बांगड्या भरत होती. एसटी सुटायला आलेली, कंडक्टर दारात उभा राहून ओरडतोय, "चाची, गाडी चालली!" चाची वरसुद्धा बघेना. "चालू दे. एक हात भरलेला आन एक नागडा, अशी उठवू व्हय बाईला? तुझ्या आईला उठवला असतास?" गाडी थांबली. सगळ्या प्रवाशांनी खिडकीतून डोकी काढून दुसरा हात भरून होईपर्यंत वाट पाहिली. हा नियम तेवढा लक्षात ठेवा.

आता मुख्य प्रवेश. हा प्रवेश मी अनेकदा सांगितलाय, आणि दर वेळी सांगून झाल्यावर मीच गोंधळतो.

एक दिवस पुण्याहून एक मुलगी माझ्या दुकानात कागदांच्या झेरॉक्स काढायला आली. सव्वीसेक वर्षांची, उंच, खांद्याला पिशवी. झेरॉक्स काढताना कागद वाचू नयेत, हा सभ्य माणसाचा नियम मला माहीत आहे. मी वाचले. ती दत्तक गेलेली होती. एका संस्थेतून, चार महिन्यांची असताना. आता तिला जन्म देणारी आई शोधायची होती. संस्थेनं रीतसर पत्र पाठवलं होतं, ते परत आलं होतं. त्या पत्त्यावर आता कुणी राहत नव्हतं. हातात उरलं होतं नळदुर्गजवळच्या एका गावाचं नाव आणि आईचं माहेरचं नाव. ती दोन्ही मी मोठ्यानंच वाचली.

"सांभाळणाऱ्या आईला ठाऊक आहे का?" मी विचारलं. मी काय काय विचारतो, याला मर्यादा नाही.

"तिनंच तिकीट काढून दिलंय," मुलगी म्हणाली. "मला काही मागायचं नाही हो कुणाकडं. एकदा बघायचंय. आणि मी बरी आहे, एवढं सांगायचंय."

बाहेरून आवाज आला. "पोरी, हिकडं ये. हात दे."

चाचीला आतलं सगळं ऐकू जायचं. मुलगी गोंधळून पायरीवर बसली. चाचीनं तिचा पंजा दाबला. "हात ढिल्ला सोड."

मुलगी एकदम हसली. "मी दिवसभर हेच म्हणते लोकांना. फिजिओथेरपिस्ट आहे मी. हात-पाय आखडलेल्यांना व्यायाम देते."

चाची हसली नाही. तिनं त्या मुलीचा अंगठा आत मुडपला, सोडला, पुन्हा मुडपला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "त्या गावात त्या नावाच्या तीन पोरी व्हत्या. एक दोन-सहा, ती वारली. एक दोन-आठ, तुझ्या बायकोसारखी. आन एक दोन-दोन. अंगठ्याचं हाड असं बाहेर. तिचा चुडा मीच भरला. रडणाऱ्या नवऱ्या म्या लई बघितल्या. ही रडत न्हवती. मूठच उघडत न्हवती." तिनं मुलीची मूठ हलकेच मिटली. "तामलवाडीच्या अलीकडं दिलीय तिला. वस्तीवर राहती. नवरा, एक पोरगा. बरं घर हाय."

चाचीनं मग अटी घातल्या, अगदी चुडा ठरवताना घालते तशा. "मी आत जाणार, बांगड्या भरणार, भरता भरता कानात इचारणार. तू गाडीत बसायचं. ती व्हय म्हणली तर बघू. न्हाय म्हणली तर मी टोपली उचलणार आन तू पुन्यात. तिचा संसार हाय. त्याला तडा गेला तर तुलाबी झोप लागायची न्हाय. कबूल?"

"कबूल," मुलगी म्हणाली.

"आन तू," चाची माझ्याकडं वळली, "गाडी चालवायची. तोंड उघडायचं न्हाय."

आता माझी बाजू ऐका. मी गणपतीच्या नाटकांत अठरा वर्षं काम केलंय, आणि अठरा वर्षं मला 'दुसरा शिपाई' हीच भूमिका मिळालीय. अशा माणसाला तोंड उघडू नको म्हणणं हा अन्याय आहे. तरी मी ठरवलं होतं, गप्प बसायचं. देवाशपथ ठरवलं होतं.

वस्तीवर पोचलो तेव्हा दुपार टळली होती. सोयाबीनच्या रानाला लागून घर, पुढं ओसरी, दारात कडुनिंब. चाची टोपली घेऊन आत गेली. आम्ही दोघं गाडीत. पाच मिनिटं झाली नसतील, तोच घरधनी गाडीशी आला. पन्नाशी ओलांडलेला, पांढरा सदरा, डावा खांदा जरा वर उचललेला.

"आवो, पाव्हणं! उन्हात गाडीत बसवतो व्हय आमी मानसं? उतरा, उतरा."

"नको, नको, ठीक आहे," मी म्हणालो.

"काय ठीक हाय! उतरा. ह्या बाई कोण?"

आणि इथं, माझ्या तोंडून, ठसठशीत आवाजात, उजव्या हाताच्या अभिनयासह बाहेर पडलं, "ही माझी भाची!"

मित्रहो, बघा काय झालं. चाची म्हणजे स्थळं आणणारी. चाचीबरोबर गाडी. गाडीत लग्नाच्या वयाची मुलगी. आणि मुलीबरोबर मामा. त्या माणसानं एक क्षण माझ्याकडं पाहिलं, एक क्षण मुलीकडं पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मला आजही दिसतो. तो घरात तोंड घालून ओरडला, "अगं, सुशीला टाक! पाव्हणं आल्यात! आन त्याला म्हणावं शर्ट बदल!"

सुशीला म्हणजे खायची, भिजवलेल्या चुरमुऱ्यांना फोडणी घालून केलेली. शर्ट बदलायचा तो त्याचा मुलगा. आणि तो मुलगा म्हणजे, चाची बरोबर असेल तर, माझ्या शेजारी गार पडलेल्या मुलीचा भाऊ.

मुलगी माझ्या कानात म्हणाली, "काका, हे काय चाललंय?"

"मलाही नीट कळत नाहीये," मी म्हणालो. ते अगदी खरं होतं.

ओसरीवर सतरंजी पडली. मी मामाच्या जागी बसलो. आता पडदा उघडलाच होता, तर मी काय करणार? घरधन्यानं विचारलं, "वय काय म्हणायचं?" मी म्हणालो, "तेवीस." तीन वर्षं मी सवयीनं काढून टाकली. फोटोतले तीळ काढतो तशी. "शिक्षण?" मुलीनं स्वतःच सांगितलं. घरधन्याला नीट समजलं नाही. तिनं सोपं करून सांगितलं, की सांधे दुखतात त्यांना ती बरं करते.

"अस्सं?" त्याचे डोळे चमकले. "मंग ह्यो खांदा बघा की. दोन वर्सं झाली, वर जात न्हाय."

आणि दाखवण्याच्या त्या कार्यक्रमात, होणाऱ्या सुनेनं सासऱ्याचा खांदा तपासायला घेतला. मी असा प्रसंग रंगमंचावरही पाहिलेला नाही. ती त्याच्या मागं गुडघ्यावर बसली, एक हात पाठीवर, एक कोपराला. तिचा चेहरा एकदम कामातला झाला. म्हणाली, "हात सैल सोडा. घाबरू नका. मी उचलते, तुम्ही काही करायचं नाही."

हात हळूहळू वर गेला. कानापर्यंत गेला. घरधनी स्वतःच्या हाताकडं दुसऱ्याचा असल्यासारखा बघत राहिला.

दारात शर्ट बदललेला मुलगा उभा होता. चोवीसेक वर्षांचा, भरपूर पावडर लावलेला. त्याला एका दमात कळलं नाही, की आपल्याला बघायला आलेत की बापाला.

एवढ्यात आतून 'कट्' असा आवाज आला. थोड्या वेळानं आणखी एक. मग तिसरा. बांगडी फुटली असं आपल्याकडं बायका म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. चाचीच्या हातून बांगडी वाढलेली मी वर्षानुवर्षं ऐकली नव्हती. इथं लागोपाठ तीन. मुलीनंही तो आवाज ऐकला. तिचा हात घरधन्याच्या कोपरावर तसाच थांबला. आत विचारून झालं होतं, हे आम्हां दोघांनाही समजलं. उत्तर काय आलं, ते समजायला मार्ग नव्हता.

घरधनी मात्र खुशीत होता. "पसंत!" तो म्हणाला. "आमच्याकडनं पसंत. बाकीचं मागनं बोलू. एवढं एक सांगा पाव्हणं, देवक काय तुमच्याकडचं?"

मी मामा होतो. भाचीचं देवक मामाला ठाऊक पाहिजे. मला माझं स्वतःचंही नीट आठवत नाही. माझी नजर दारातल्या कडुनिंबावर गेली, पानं दिसली, आणि मी छातीठोकपणे म्हणालो, "पंचपल्लव!"

"वा!" घरधन्यानं मांडीवर थाप मारली. "आमचं सूर्यफूल. काई अडचण न्हाय!"

म्हणजे नकाराची एकुलती एक सभ्य वाट होती, ती मी पंचपल्लव लावून बुजवली होती. मुलगी उठून उभी राहिली. ती आता काहीतरी बोलणार, आणि जे बोलेल त्यानं हे घर हादरणार, हे मला स्पष्ट दिसलं.

त्याच वेळी चाची टोपली घेऊन बाहेर आली. ओसरीवरचं दृश्य तिनं एका नजरेत वाचलं. खांदा, पावडर, सुशीलाच्या ताटल्या, आणि मी. माझ्याकडं तिनं असं पाहिलं, की अठरा वर्षांत कुठल्या राजानं दुसऱ्या शिपायाकडं पाहिलं नसेल.

"जमत न्हाय हे," चाची म्हणाली.

"का हो चाची? देवक बी येगळं हाय," घरधनी म्हणाला.

"कोण म्हणलं? पोरीचं सूर्यफूल हाय."

"आवो, पाव्हणं आत्ता पंचपल्लव म्हणले!"

"त्याला काय कळतंय? त्याला फोटोतलं कळतं," चाची म्हणाली. पण घरधनी माझ्याकडं बघत राहिला. मी सुशीलाचा मोठा घास तोंडात भरला. मुलगा बापाकडं बघायला लागला. काहीतरी चुकतंय, असं त्या ओसरीवर सगळ्यांनाच वाटायला लागलं होतं. आणखी दोन प्रश्न आले असते, तर तिथं काही झाकलेलं राहिलं नसतं.

"सूर्यफूलच हाय."

हे दारातून आलं. घरधनीण उभी होती. लहानखुरी बाई, पदर डोक्यावर. उजवा हात कोपरापासून खाली नव्या हिरव्या बांगड्यांनी भरलेला, डावा मोकळा. ती नवऱ्याकडं बघत नव्हती, मुलाकडंही नाही. सरळ त्या मुलीकडं बघत होती.

"एकच हाय," ती पुन्हा म्हणाली. "मला म्हाईत हाय."

परक्या मुलीचं देवक हिला कसं माहीत, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. त्या माणसाच्या जागी मी असतो तर विचारलं असतं. घरधनी बायकोकडं बघत राहिला. मग मुलीकडं. मुलगी एका हातानं स्वतःच्या दुसऱ्या हाताचा अंगठा दाबत होती, तिकडंही त्याची नजर गेली की नाही, मी सांगू शकत नाही. मी त्या क्षणाचा फोटो मनात शंभर वेळा धुतलाय, आणि तो शंभर वेळा धूसर आलाय.

मग त्यानं बरा झालेला हात हळूच वर उचलला, खाली घेतला, आणि म्हणाला, "देवक एक असंल तर लगीन न्हाय व्हत." त्यानं सदरा सारखा केला. "भाऊबीज व्हती."

मुलगा पहिल्यांदा हलला. त्यानं पुढं होऊन मुलीला पाण्याचा तांब्या दिला.

निघताना घरधनिणीनं मुलीला कुंकू लावलं. कुंकू लावायला किती वेळ लागतो? बोट टेकवायचं, उचलायचं. तिचं बोट कपाळावर टेकलं ते उचलेचना. मुलगी खाली मान घालून उभी. शेवटी चाचीच म्हणाली, "बास, बाई. गाडी तापली."

महामार्ग लागल्यावर मुलगी हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. मग दोन्ही एकदम. "काका, त्यांनी मला मागणी घातली! माझ्याच भावासाठी!" आणि मग डोळे पुसत, "चाची, आत काय म्हणाल्या त्या?"

"काई न्हाय म्हणली. मूठ आवळली. तीन बांगड्या वाढल्या माझ्या."

"म्हणजे नको म्हणाल्या?"

"मंग इचारलं, पोरगी कुठं हाय. म्हणलं, ऐक की, वसरीवर तुझ्या नवऱ्याचा खांदा दाबतीय. तवा मूठ उघडली." चाचीनं तोंडात सुपारी टाकली. "उजवा हात भरला. डावा न्हाय भरला."

मी गाडी जवळजवळ थांबवली. "चाची! तू अर्धा हात ठेवून उठलीस?"

"मंग? अर्धा हात घेऊन बाई घरात कशी बसल? कुणी बसू देईल? बाजारच्या दिवशी डावा भरायला येनार ती. धाराशिवला. माझ्या पायरीवर." तिनं मुलीच्या गुडघ्यावर थाप मारली. "तूबी ये. तुझाबी हात नागडाच हाय."

तेव्हा मला कळलं, की माझ्या दुकानाची पायरी नेमकी काय आहे. भर बाजारात, भर दिवसा, दोन बायकांनी अर्धा तास एकमेकींचा हात धरून बसायचं आणि कुणी एका शब्दानं विचारायचं नाही, अशी गावात ती एकच जागा होती.

बाजारच्या दिवशी आई आली. मुलगी आली. चाचीनं आईचा डावा पंजा मुलीच्या हातात दिला आणि म्हणाली, "धर जरा, मी सुपारी कातरते." ती सुपारी कातरायला तिला पाऊण तास लागला. मी काचेतून बघत होतो. माझ्या हातात कॅमेरा होता हे मी कबूल करतो. चाची मागं न वळता म्हणाली, "फोटो काढशील तर बघ." मी कॅमेरा ठेवून दिला. माझ्या उभ्या धंद्यात न काढलेला सगळ्यात चांगला फोटो तो.

नंतर त्या तीनचार वेळा आल्या. आईच्या बांगड्या फारच लवकर लवकर वाढायला लागल्या होत्या. दिवाळीनंतर आली तेव्हा तिनं एक डबा आणला. मुलीला म्हणाली, "ह्यांनी दिल्यात करंज्या. म्हणले, त्या खांदावाल्या बाईला दे. पोराच्या हातनं देणार व्हते, पर म्हणले, राहू दे."

मी चाचीला बाजूला घेतलं. "चाची, त्याला कळलंय. नक्की कळलंय. का नाही कळलं? आणि पोराला? का नुसता खांदा बरा झाला म्हणून? भाऊबीज व्हती असं तो म्हणाला ते कशावरून?"

चाचीनं माझं मनगट धरलं. तुम्हाला माहीत आहे ती काय म्हणाली.

मग एका आठवड्यात ती पायरीवर आली नाही. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं, बोर्ड दिसत होता. चौथ्या दिवशी तिची सून टोपली घेऊन आली. पहिल्याच दिवशी सकाळी चहा पिता पिता चाची गेली, म्हणाली. कप हातातच होता. "घरात ठेवली की सारखी दिसते," सून म्हणाली. "तुमच्याकडं राहू द्या थोडे दिवस." मी टोपली काउंटरमागं ठेवली. हात धरून हसवणारं माणूस गेलं, म्हणून बाजारात पुढचे काही दिवस जरा जास्तच भांडणं झाली, असं मला वाटतं. माझी तरी दोन झाली.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्या दोघी आल्या. एक पुण्याहून, एक एसटीनं वस्तीवरून. चाची गेल्याचं दोघींनाही माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं तेव्हा दोघी पायरीवर बसल्या त्या तशाच राहिल्या. मधे हातभर अंतर. आईचा हात मांडीवर, मुलीचा पिशवीवर. माळा नाहीत, टोपली नाही. येणारेजाणारे बघायला लागले. रिकाम्या पायरीवर काहीही न करता बसलेल्या दोन बायका, एक शेतातली, एक शहरातली. समोरचा कापडवाला मान उंचावून बघायला लागला. आई पदर सावरून उठायला लागली.

मी टोपली बाहेर आणली आणि दोघींच्या मधे ठेवली. एखादं छानसं वाक्य म्हणायचं मनात होतं. ऐन वेळी विसरलो. दुसऱ्या शिपायाचं नेहमी हेच होतं. मी नुसताच आत गेलो.

काचेतून पाहिलं. मुलीनं टोपलीतून दोन-दोनची हिरवी बांगडी काढली. आईचा हात दोन्ही हातांत घेतला, चाचीसारखा दाबला, अंगठा मुडपला. दिवसभर लोकांचे सांधे हाताळणाऱ्या त्या हातांनी बांगडी जरा घाईनंच सरकवली. बांगडी हाडापर्यंत गेली, अडकली, आणि कट् आवाज झाला. दोन तुकडे पायरीवर पडले.

मुलीनं दचकून हात सोडला. आईनं तुकडे उचलून टोपलीत ठेवले.

"वाढली," ती म्हणाली. "असू दे. दुसरी घे." आणि हात पुन्हा मुलीच्या मांडीवर ठेवला. "घाबरू नको. म्या ढिल्ला सोडलाय."